मागच्या फाटकाचं उद्घाटन

किआमुती उद्यानात कुणाला पडायचंच असेल, तर त्याने पुढच्या फाटकाजवळ पडावं. तिथे पहारेकरी आहे, बाक आहे, ऊस सोलून विकणारा माणूस आहे आणि मुख्य म्हणजे रस्ता आहे. एवढं तारतम्य माणसाला असायला हवं. मी पडले ती पार मागच्या टोकाला, बांबूच्या बेटापलीकडे, जिथे पायवाट ओढ्याकडे उतरते. पाठीवर लेसोच्या कापडाने बांधलेली माझी तान्ही न्यागुथी होती. मी पुढे पडले, म्हणून तिला काही झालं नाही. पाठीवर मूल असलेली बाई पुढेच पडते, ते कुणी शिकवावं लागत नाही. न्यागुथीला तर तो प्रकार आवडलाच. मी मातीत नाक खुपसून पडलेली, घोटा भलतीकडे वळलेला, आणि पाठीवरून खिदळण्याचा आवाज.

मी फोन लावला. रुग्णवाहिकेच्या कचेरीतली मुलगी फार गोड बोलली.

"कुठे आहात, मॅडम?"

"किआमुतीत. मागच्या बाजूला."

"जवळची एखादी खूण सांगता का?"

"झाड आहे."

"बरं. आणि झाडाजवळ काय आहे?"

"दुसरं झाड."

ती बिचारी तरी काय करणार. आमच्याकडे घराचा नंबर वीजवाल्यांना ठाऊक असतो, बाकी कुणाला नाही. पाहुण्याला घर सांगायचं म्हणजे "जुन्या पेट्रोल पंपावरून खाली या, चर्चची जांभळी भिंत दिसली की फोन करा" असं सांगायचं. तो पेट्रोल पंप मी या कॉलनीत लग्न होऊन आले त्याच्या आधीच पाडलेला होता. तरी मीही तोच सांगते आणि लोक बरोबर येतात. पण जंगलात पाडलेला पेट्रोल पंपसुद्धा नसतो.

शेवटी मी आमच्या कॉलनीची खूण सांगितली आणि ॲम्ब्युलन्स आली. आली ती इतकी जवळ, की मला तिचं चाक दिसत होतं. उद्यानाचं मागचं कुंपण आमच्या कॉलनीच्या रस्त्याला लागूनच आहे. त्या कुंपणात एक लोखंडी फाटकही आहे, पूर्वी लाकडाचे ट्रक त्यातून जात. फाटकाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसल्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. मी बसल्या बसल्या सरकत कुंपणापाशी गेले. पलीकडे पांढऱ्या गणवेशातला माणूस उकिडवा बसला. त्याचं नाव बाराका. आमच्या दोघांमध्ये जाळी.

"दुखतंय का, मॅडम?"

"हो."

त्याने जाळीला डोळा लावून घोटा पाहिला. "हं. सुजलाय." मग जाळीतून एक गोळी दिली. पाण्याची बाटली जाळीतून येईना, म्हणून माझ्या ओंजळीत धार धरली. "बाळाचं नाव काय?"

"न्यागुथी."

"म्हणजे सासूबाईंचं नाव. सासूबाई चांगल्या आहेत?"

"चांगल्या आहेत."

"मग घोट्याचं काय, बरा होतो," तो म्हणाला, आणि गाडी वळवून पुढच्या फाटकाकडे निघून गेला. तिथून आत गाडी येत नाही, पायवाट अरुंद. म्हणून पुढच्या फाटकाबाहेरून एक कोबीवाला आपली हातगाडी घेऊन मला न्यायला आला. कोबी त्याने उतरवले नव्हते. पुन्हा कोण रचत बसणार, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. अशा रीतीने मी, मांडीवर मूल घेऊन, कोबीच्या ढिगावर बसून अख्ख्या उद्यानातून बाहेर आले. दिवस रविवारचा, चर्च नुकतंच सुटलेलं. आमच्याकडे माणसाला नुसती ठेच लागली तरी बघणारा 'पोले' म्हणतो, म्हणजे तुझं दुःख ते माझं. त्या वाटेवर मला इतके पोले मिळाले की उत्तरं देऊन तोंड दुखायला लागलं. पोले म्हणताना माणसाने हसू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. ती फक्त कोबीवाल्याने पाळली.

घोटा बरा झाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण संध्याकाळी माझा नवरा मुरीथी जेवणावरून उठला आणि त्याने जाहीर केलं, की शोशोने आता किआमुतीत पाऊल टाकायचं नाही.

शोशो म्हणजे आजी, त्याची आई. गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला, फार चढ नसेल तिथे, सावलीत, कुणाच्या तरी सोबतीने. म्हणून ती न्येरीचा डोंगर सोडून आमच्याकडे राहायला आली. रोज सकाळी चर्चमधल्या बायका डोक्याला फडकी बांधून, पायात रबरी बूट घालून, भजनं म्हणत जंगलात जातात, आणि शोशो त्यांच्या पुढे असते. कानात गाणी घालून पळणारी मुलं त्यांना वाट सोडून बाजूला उभी राहतात.

आणि आमच्या घरात शोशो काय आहे, ते मूल असलेल्या बाईला सांगायला नको. रीतीप्रमाणे पहिल्या मुलीला आजीचं नाव, त्यामुळे घरात दोन न्यागुथी. मुरीथी लेकीला 'आई' म्हणतो. "आईने माझ्या शर्टावर ओकलं," असं तो ऑफिसला जाताना ओरडतो. शोशो तर नातीला 'मी' म्हणते. "मी केव्हाची रडतेय, मला भूक लागलीय," असं ती म्हणाली, की मी समजायचं आणि बाळाला पदराशी घ्यायचं. फिरून आली की ती स्वतःला, म्हणजे माझ्या लेकीला, पाठीला बांधते आणि गिथेरी शिजवता शिजवता तिला भावकीतल्या भानगडी सांगते. त्या वेळात मी केस विंचरते. कधी कधी नुसती भिंतीकडे बघत बसते. ज्यांना तान्हं मूल नाही त्यांना भिंत किती सुंदर असते ते कळायचं नाही.

"पडले मी," मी मुरीथीला म्हटलं. "तुझी आई कुठे पडली?"

"तू पडलीस म्हणून घोट्यावर निभावलं. तिचं हृदय आहे. हृदय हातगाडीवरून आणायचं?"

मला ठाऊक होतं की तो जंगलाबद्दल बोलत नाहीये. त्याचे वडील न्येरीच्या डोंगरात वारले. पावसाने रस्ता खचला होता, दवाखान्याकडे निघालेली गाडी चिखलात रुतली, आणि ढकलणाऱ्यांत शाळेच्या गणवेशातला मुरीथी होता. त्याबद्दल तो कधी बोलत नाही. फक्त कुठेही गेला की गाडी कुठून वळेल ते आधी बघतो. आमच्या लग्नात सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा तो मंडपामागची वाट बघत होता. मी रुसले होते. मग सासूबाईंनी मला कारण सांगितलं.

त्या संध्याकाळी शोशोने शांतपणे चहा संपवला. "बरं," ती म्हणाली, "कॉफीची तोडणी सुरू झाली की मी घरी जाते."

"आई, तिथे तर रस्ताच नाही."

"रस्ता नाही. पण चालू नको म्हणणारा तूही नाहीस."

बरीच बोलाचाली झाल्यावर मुरीथी एवढ्यावर आला, की त्या मागच्या टोकापर्यंत ॲम्ब्युलन्स जाते हे त्याला डोळ्यांनी दिसलं, तर शोशोने खुशाल चालावं. फाटक आहेच, रस्ता आहेच, फक्त एक कुलूप उघडायचं. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

पाय उशीवर म्हणून कॉलनीची सभा आमच्याच घरी भरली. सुरुवातीला प्रार्थना झाली. प्रार्थनेत पास्टरनी माझा घोटा, कोबीवाला आणि देशाचं सरकार अशा तिघांना देवाच्या हवाली केलं. मग आमचे अध्यक्ष ओबुया मास्तर बोलले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि अजूनही समोरच्याला वर्गात बसवूनच बोलतात.

"न्यागुथीची आई, तुमची कळकळ समजते. पण आज फाटक उघडलं, की उद्या लोक त्याला रस्ता म्हणणार. परवा कुणीतरी त्या रस्त्यालगतची जमीन आपली म्हणणार. तेरवा तिथे सात मजली इमारत उभी. मग झाडंच नाहीत म्हटल्यावर पडायला तरी जाणार कुठे?"

"आणि बोडा-बोडावाले," शेजारची मुटिंडाची आई म्हणाली. "एकदा का त्या मोटारसायकलवाल्यांना आडवाट कळली, की आपल्यालाच ॲम्ब्युलन्स लागणार."

"गाईसुद्धा शिरतील," कुणीतरी म्हणालं. कॉलनीत गाय कुणाकडेच नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली.

"त्यापेक्षा शोशोला शिट्टी घेऊन द्या," मुटिंडाच्या आईने सुचवलं. "पडल्या की वाजवतील."

"आणि वाजवल्यावर?"

"आपल्याला कळेल ना."

चहा आणि मंडाझी संपेपर्यंत सभा चालली. शेवटी ठराव झाला तो असा, की फाटक हवं पण उघडू नये. याचा अर्थ लावायला मला दोन दिवस लागले. अर्थ असा, की फाटकाची जबाबदारी माझी.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. पाठीवर मूल असलं की कचेरीत बसायला खुर्ची मिळते, हा त्या फेऱ्यांतला माझा एकमेव नफा. वनखात्याचं म्हणणं, फाटक आमचं आहे आणि उघडायला आमची हरकत नाही, पण ते बाहेर उघडतं आणि बाहेरचा रस्ता काउंटीचा. काउंटीतले म्हणाले, मग आत उघडा. आत उघडलं तर ते जांभळाच्या जुन्या झाडाला थडकत होतं. झाड तोडायचं तर वनखात्याची परवानगी, आणि वनखातं झाडं तोडू देण्यासाठी नसतं. हे मला दोन्हीकडच्या लोकांनी अतिशय आपुलकीने समजावून सांगितलं, न्यागुथीचे गाल ओढले, आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

यातून वाट काढली ती उद्यानाचे वनाधिकारी चेरुयोत साहेबांनी. शिडशिडीत, मुका वाटावा इतका कमी बोलणारा माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, या उद्यानात लोक पडतच असतात. ज्यांना लागतं ते घरी जातात, ज्यांना लागत नाही ते विसरतात. त्याबद्दल बोलायला आलेल्या तुम्ही पहिल्या."

त्यांनी फाटक रुळावर सरकणारं करून घेतलं, म्हणजे ना आत ना बाहेर. कुलपाचा प्रश्न आला, तेव्हा वनखातं, काउंटी आणि कॉलनी अशा तिघांची कुलपं एकमेकांत कड्यांसारखी अडकवली. कुणीही आपलं एक उघडलं की साखळी सुटते. मी ते पाहून भारावले. इतकी वर्षं ही तिघं एकमेकांत अडकलेलीच होती, पण त्यामुळे काही उघडल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते.

मग आम्ही दोघांनी वाट आखली. फाटकापासून आत गाडी कुठवर जाईल, कुठली पायवाट रुंद करायची, ओल्या जागी खडी कुठे टाकायची, गाडी वळवणार कुठे. गाडी वळते की नाही हे बघायला गाडी नव्हती, म्हणून चेरुयोत साहेब स्वतः दोन्ही हात आरशांसारखे बाहेर काढून मागे मागे चालू लागले, आणि मी काठी टेकत "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे थोडं, बस्स" करत होते. पळायला आलेलं एक तरुण जोडपं थांबून बघत राहिलं. साहेबांनी त्यांच्याकडे न बघता तोंडाने हॉर्न वाजवला.

जागांना खुणा हव्यात, हे मला माझ्या फोनवरून ठाऊक होतं. साहेबांच्या मनात खांबांवर आकडे घालायचे होते. ओबुया मास्तरांना देशभक्तांची नावं हवी होती, पण कुठला देशभक्त ओढ्याच्या वर आणि कुठला खाली यावरून दोन सभा गेल्या. शेवटी लोक जे म्हणतात तेच लिहायचं ठरलं. बांबू. माकडांचा पूल. पास्टरचा दगड. आणि त्या मागच्या उताराला लोक काय म्हणत होते ते मला तेव्हाच कळलं. आज तिथे हिरव्या पाटीवर पिवळ्या रंगात लिहिलेलं आहे : 'न्यागुथीची आई पडली'.

मी विरोध केला.

"अगं, माणूस जातो, नाव राहतं," मुटिंडाची आई म्हणाली.

"फोनवर एका दमात सांगता येतं, मॅडम," चेरुयोत साहेब म्हणाले, आणि त्यांच्यावर रागावणं मला जमत नाही.

आता फक्त उद्घाटन राहिलं होतं. आमच्याकडे उद्घाटनाशिवाय काही उघडत नाही. नळाला पाणी आलेलं असलं तरी मुख्य पाहुणे येईपर्यंत बायका वरच्या झऱ्यावर जातात. तेव्हा फाटकाजवळच्या नव्या मोकळ्या जागेत मंडप उभा राहिला, पुढच्या खुर्च्यांना पांढरी कापडं चढली, शाळेची गाणारी मुलं आली, सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेट आल्या. काउंटीतले एक मोठे साहेब मुख्य पाहुणे होते. ते आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती, म्हणजे वेळेवरच. फाटक सरकलं, टाळ्या झाल्या. मुरीथी रजा काढून आला होता आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याला पाहून माझा ऊर भरून आला. इतक्यात न्यागुथी रडायला लागली म्हणून मी मंडपामागे जाऊन तिला पाजायला बसले.

तिथे मला लाउडस्पीकरवर ऐकू आलं, "आता मान्यवरांच्या हस्ते वृक्षारोपण होईल."

वृक्षारोपण तर होणारच. मुख्य पाहुणे आले आणि झाड न लावता गेले, असं आमच्या देशात कुणी पाहिलेलं नाही. ते कुठे लावायचं याचा विचारही कुणी करत नाही. ते मंडपाजवळ लावायचं, कारण पाहुण्यांचे बूट चकाकते असतात. आणि मंडपाजवळची मोकळी, साफ केलेली, भुसभुशीत जमीन कुठली, तर ॲम्ब्युलन्सच्या वाटेची. मी बाळाला तसंच छातीशी धरून पुढे आले, तेव्हा मुख्य पाहुणे वाटेच्या ऐन मधोमध रोपावर माती लोटत होते. मग मानाप्रमाणे एकेक जण पुढे झाला. इलाख्याचे चीफ, पास्टर, ओबुया मास्तर. फोटोवाला म्हणाला, सरळ रांगेत या, म्हणून झाडंही सरळ रांगेत आली. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

चेरुयोत साहेब पाहुण्यांच्या मागे हात धुवायच्या पाण्याचा तांब्या धरून उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण जंगलात झाड लावू नका, असं वनाधिकाऱ्याने मोठ्या साहेबांना कोणत्या तोंडाने सांगावं?

मी माइककडे धावले. सूत्रसंचालकाला वाटलं, बाईंना आभार मानायचे आहेत.

"ती झाडं," मी म्हटलं, आणि मला दम लागला.

"ती झाडं," त्याने माझ्या हातातून माइक घेऊन सांगितलं, "ही आई आपल्या तान्ह्या लेकीच्या भविष्यासाठी सांभाळणार आहे."

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो फोटो अजून चर्चच्या फळ्यावर आहे. मी त्यात रडते आहे आणि सगळ्यांना वाटतं, आनंदाने.

पाहुणे गेल्यावर मुरीथी फाटकापासून वाट चालत आला, झाडांच्या रांगेपाशी थांबला, आणि "हं" म्हणाला. एवढंच. दुसऱ्या दिवशी रोपांभोवती पिंजरे आले, पिंजऱ्यांवर नावांच्या पाट्या आल्या. ओबुया मास्तर रोज सकाळी डबा भरून आपल्या झाडाला पाणी घालू लागले, आणि घालताना त्याच्याशी बोलू लागले.

"झाड हलवायला परवानगी लागते, मॅडम," चेरुयोत साहेब मला म्हणाले. "मुख्य पाहुण्यांचं झाड हलवायला बदलीची तयारी लागते. माझी मुलं इथल्या शाळेत रमलीत."

न्येरीहून निरोप आला की कॉफी लाल झालीय. शोशोने पलंगाखालची बॅग काढली. तिने मला काही सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ती दुपारभर बाळाचे लहान झालेले कपडे निवडत बसली, मोठ्या जावेच्या नातवासाठी, आणि मधूनच एखादा नाकाशी धरून हुंगायची.

अशात बाराकाचा फोन आला. जाळीतून गोळी देणारा तो. नवी वाट वापरात आणण्याआधी गाडी एकदा चालवून बघावी लागते, असा त्यांचा नियम. शनिवारी सकाळी येतो म्हणाला. कुणाला तरी पेशंट व्हावं लागेल.

"मी होते," शोशो म्हणाली.

"आई, तू आत जायचं नाहीस, ठरलंय ना?" मुरीथी म्हणाला.

"चालायला जायचं नाही असं ठरलंय. मी पडायला जातेय."

शनिवारी ती त्या पाटीखाली लेसो अंथरून आडवी झाली. भोवती चर्चच्या बायका. त्यांनी सुरू केलेलं भजन मयताचं होतं, तेव्हा पेशंटने डोळे उघडून दुसरं म्हणायला सांगितलं. मी फाटकाजवळ बाळाला घेऊन उभी. मुरीथी रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून. मी फोन केला.

"कुठे, मॅडम?"

"न्यागुथीची आई पडली."

"निघालो."

आणि खरंच, गाडी आली, साखळी सुटली, फाटक सरकलं, सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आत शिरली, आणि झाडांपुढे येऊन उभी राहिली. बाराका उतरला. त्याने पहिली पाटी वाचली आणि टोपी काढली.

"हे तर साहेबांचं झाड."

"गाडी कडेने काढा," ओबुया मास्तर पाण्याचा डबा घेऊन तिथेच होते. पण एका कडेला चर होता, दुसऱ्या कडेला बांबू. मास्तरांनी चराकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं, आणि डबा खाली ठेवला. चेरुयोत साहेब बांबूपाशी उभे होते. गाडी घुरघुरत उभी होती.

तेव्हा मुरीथी गाडीच्या मागे गेला. मागच्या दारावर त्याने दोन्ही तळवे टेकले, पाय मागे रोवले आणि अंग वाकवलं. गाडी रुतलेली नव्हती. ढकलायचं काहीच नव्हतं. पण तो तसाच उभा होता, आणि मला वाटतं, आपण काय करतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. मी पुढे जाणार, तोच वाटेवरून शोशो आली. पडून पडून कंटाळल्यामुळे ती उठून बघायला आली होती, आणि मागून बायका.

तिने आधी मुलाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग झाडांकडे. मग चेरुयोत साहेबांना म्हणाली, "बाळ, तुझ्या शेडमध्ये कुदळ असेल. असतील तेवढ्या आण."

"शोशो," ओबुया मास्तर म्हणाले, "ते मुख्य पाहुण्यांचं झाड आहे."

"माहीत आहे मला. मास्तर, तुमच्या घरी पाहुणा आला आणि दारातच बसला, तर तुम्ही काय म्हणता? त्याच्या अंगावरून ये-जा करता, की आत या, नीट बसा म्हणता?"

मास्तर विचारात पडले. पाहुणचाराबद्दल त्यांची मतं कडक आहेत.

कुदळी आल्या. शोशोने पिंजरा उचलून बाजूला ठेवला आणि रोपाभोवती लांबून, मुळांना धक्का न लावता माती उकरायला सुरुवात केली. उरलेल्या कुदळी बायकांनी घेतल्या. भजन चालूच होतं, आता जरा उडत्या चालीचं.

"मॅडम," चेरुयोत साहेब मला हळूच म्हणाले, "वर त्या फांदीवर एक पक्षी आहे. मी तो बघतोय. बराच वेळ बघणार आहे."

आपलं झाड मास्तरांनी कुणाला काढू दिलं नाही. स्वतः गुडघ्यांवर बसून मातीच्या गोळ्यासकट उचललं आणि उभे राहिले, पण पुढे कसं धरावं ते त्यांना समजेना.

"मानेखाली हात घ्या," मी म्हणाले. सवयीने तोंडून गेलं. मास्तरांनी निमूट हात घेतला.

झाडं वाटेच्या दोन्ही कडांना लागली, समोरासमोर, पाट्यांसकट. मुख्य पाहुण्यांचं सगळ्यात पुढे, फाटकाजवळ. दिसायला इतकं देखणं दिसलं, की मास्तर आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, समितीची योजना मुळातच अशी होती.

ॲम्ब्युलन्स पुढे गेली, पाटीपर्यंत पोचली, वळली. कुठे वळायचं ते चेरुयोत साहेबांनी हात पसरून दाखवलं. तालीम पुरी व्हायला पेशंट आत हवा, म्हणून शोशो मातीच्या बुटांसकट स्ट्रेचरवर आडवी झाली. मुरीथी दाराशी उभा राहिला.

"चढ ना," ती म्हणाली. "पेशंटबरोबर घरचं कुणीतरी लागतं."

तो चढला आणि तिच्या पायाशी बसला. बाराका दार लावणार, तेवढ्यात ती मुलाला म्हणाली, आवाज न चढवता, "त्या दिवशी तू खूप ढकललंस. मी काचेतून बघत होते. तुझ्याएवढं कुणीच ढकललं नाही."

मुरीथीने तिचे चिखलाचे बूट मांडीवर घेतले. दार लागलं आणि गाडी फाटकातून बाहेर गेली. खरं म्हणजे ती कॉलनीपाशी थांबायची होती. पण सायरन लावलाच आहे तर जरा बाजारापर्यंत जाऊ, असं पेशंटने बाराकाला सांगितलं म्हणे. दोघं परतली ती कुठेतरी चहा पिऊन, पायी. मुरीथीचे डोळे लाल होते आणि तो येता येता तिच्या बहिणीला फोनवर सांगत होता, की यंदाच्या तोडणीला मजूर लाव, आई येत नाही.

सोमवारी उठले, तर मुरीथी बूट बांधत होता. ऑफिसचे नव्हे. बायका फाटकाशी जमल्या होत्या. तो त्यांच्या मागे निघून गेला.

परत आली तेव्हा शोशो सगळ्यात पुढे, आणि तो दिसतच नव्हता. ती पायरीवर बसून बुटांची माती झाडू लागली. मी विचारलं, हा कुठे राहिला.

"येतोय. चढावर बसलाय." तिने दुसरा बूट काढला. "ते फाटक तू वेळेवर केलंस हो. माझं काही नाही, पण तुझा नवरा फार धापा टाकतो."